मार्चमधला ट्राउट तळाशीच? नाही हो!

इंग्लंडमधल्या रटलंड वॉटरसारख्या जलाशयांवर फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्यासारखं नकली आमिष लावून मासेमारी, करणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: मार्चमध्ये पाणी गार, म्हणून ट्राउट मासा ऊब शोधत तळाशी जातो, तेव्हा होडी काढा, बुडणारी दोरी सोडा.

यातलं अर्धंच खरं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, त्यामुळे वर बर्फ धरला की तळ किंचित उबदार राहतो. पण वसंतातला वारा सगळं पाणी घुसळून काढतो आणि वरखाली तापमान जवळपास सारखं होतं. मग दुपारच्या उन्हानं आधी तापतो तो उथळ काठ.

खाणंही तिथंच. चिखलात न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या असतात, हिमोग्लोबिनमुळे लालभडक. त्यांचे कोष संथपणे वर येतात. इंग्रज गळकरी त्यांना ‘बझर’ म्हणतात. त्यांच्यासाठी ट्राउट मीटर-दोन मीटर पाण्यातही येतो. आणि आपण लांब फेक मारायला कमरेइतक्या पाण्यात शिरून नेमकं त्यालाच हुसकावतो!

पहिली फेक काठावरूनच टाका. तरंगती दोरी, तिच्या पुढे चारेक मीटर लीडर (बारीक, सहज न दिसणारा धागा), टोकाला काळा बझर, म्हणजे त्या कोषाची नक्कल असलेलं आमिष. ओढायची घाई नको. वाऱ्यानं दोरी वाहू द्या.