दक्षिण सुदान मानवतावादी निधी: आरोग्य प्रकल्पाचा अर्ज नेमका कुठे अडतो

दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, किंवा त्याच्याही पलीकडे एखाद्या संस्थेत काम करणारे मराठी डॉक्टर, अकाउंटंट, प्रकल्प अधिकारी भेटले की प्रश्न बहुधा एकच असतो: आमच्या केंद्राबाहेर सकाळपासून रांग लागते, मग अर्ज का फेटाळला? कारण बऱ्याचदा प्रस्तावात नसतंच, त्याच्या आधीच्या कागदांत असतं.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. संयुक्त राष्ट्रांचा केंद्रीय आणीबाणी निधी, ज्याला सगळे सर्फ म्हणतात, त्याच्याकडे स्वयंसेवी संस्थेला अर्ज करता येत नाही. तो पैसा डब्ल्यूएचओ, युनिसेफ अशा यूएनच्या संस्थांना मिळतो आणि तुम्ही त्यांचे भागीदार असाल तर त्यातला काही वाटा तुमच्याकडे येऊ शकतो. स्वतःचा अर्ज करायचा तो दक्षिण सुदान मानवतावादी निधीकडे. इथे देणगीदार देश आपापले पैसे एकत्र टाकतात, कारभार ओचा, म्हणजे मानवतावादी मदतीचं समन्वय करणारं यूएनचं कार्यालय, पाहते आणि शेवटची मंजुरी देशातले मानवतावादी समन्वयक देतात.

अर्ज कोण करू शकतं? तिथे काम करणारी राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था, यूएनची संस्था, रेड क्रॉस. पुण्यातल्या धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी दाखवून भागत नाही. संस्थेची नोंदणी दक्षिण सुदानमध्येच हवी, म्हणजे 2016 च्या एनजीओ कायद्याप्रमाणे मदत व पुनर्वसन आयोगाकडे, बोलीभाषेत आरआरसीकडे. आणि ती दरवर्षी नवी करावी लागते. मुदत संपलेलं प्रमाणपत्र जोडून 'नूतनीकरण चालू आहे' असं पत्र लिहिणारे कमी नाहीत. तसं करू नका. याच कायद्यात किमान 80 टक्के कर्मचारी दक्षिण सुदानी असावेत अशीही अट आहे, तेव्हा भारतातून पाच-सहा माणसं नेण्याचे बेत आखण्याआधी ती वाचा.

आता खरा अडथळा. निधीने अर्ज मागवल्याची घोषणा झाली की लोक प्रस्ताव लिहायला बसतात. पण घोषणेत दिलेली मुदत आधीच पात्र ठरलेल्या संस्थांसाठी असते. पात्र ठरायला आधी ऑनलाइन प्रणालीत संस्थेची नोंद, मग कागदांची पडताळणी, मग क्षमता-मूल्यमापन, एवढं सगळं व्हावं लागतं. दोन-तीन आठवड्यांत ते उरकेल असं समजणं म्हणजे वरातीमागून घोडं. घोषणा नसताना, निवांत काळातच हे करून ठेवा.

कागदांत तीन गोष्टी हमखास अडतात. पहिली, बँक खातं. ते संस्थेच्या नावावर हवं आणि ते नाव नोंदणीशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. एकीकडे 'हेल्थ' आणि दुसरीकडे 'हेल्थकेअर' असेल तर पत्रव्यवहारात दिवस जातात. दुसरी, बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासलेले हिशेब. छोट्या स्थानिक संस्थेकडे ते नसतात, कारण ऑडिटचे पैसे कुठल्याच देणगीदाराने दिलेले नसतात. आणि ऑडिट नाही म्हणून पुढचा देणगीदार मिळत नाही. या चक्राला कोणी हात लावत नाही, सल्ला मात्र सगळे देतात. तिसरी, लैंगिक शोषण रोखण्याचं धोरण. दुसऱ्याचं उतरवून काढलेलं लगेच ओळखू येतं, कारण त्यात तक्रार कोणाकडे करायची ते पद तुमच्या संस्थेत नसतंच.

मूल्यमापनातून जोखमीची श्रेणी ठरते: कमी, मध्यम किंवा जास्त. 'जास्त' आली म्हणजे दार बंद झालं असं नाही. पैसे लहान हप्त्यांत येतात, तपासणी वाढते, एवढंच.

प्रस्तावाचे टप्पे सरळ आहेत: तो घोषणेतल्या प्राधान्यांत बसवा, आरोग्य क्लस्टरच्या, म्हणजे आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांच्या समन्वय गटाच्या, बैठकांना जात राहा, प्रणालीत 'सेव्ह' करून थांबू नका, 'सबमिट' करा. एक मात्र आवर्जून तपासा. जुलै 2024 पासून जागतिक बँक आणि इतर देणगीदारांच्या पैशातून सरकारचा मोठा आरोग्य प्रकल्प चालू आहे. तुमचं केंद्र त्यात आलं असेल, तर तेच काम दुसऱ्यांदा मागितल्यासारखं दिसतं. वेगळं काय करणार ते नेमकं लिहा.

अंदाजपत्रक डॉलरमध्ये. संस्थेचा वरखर्च थेट खर्चाच्या 7 टक्क्यांपर्यंत. 'औषधे, एकरकमी' अशी ओळ टिकत नाही, नग आणि दर द्यावेच लागतात. विनिमय दरातला तोटा धरत नाहीत, आणि दक्षिण सुदानी पाउंडाची घसरण पाहिलेल्याला हे वाचून हसू येईल, पण नियम आहे. सरकारी दवाखान्यातल्या नर्सचा पगारही एरवी धरला जात नाही. तिथल्या नर्सना महिनोन् महिने पगार मिळत नाही हे छाननी करणाऱ्यांनाही माहीत असतं, म्हणून अपवाद मागता येतो, पण तो प्रस्तावातच कारणांसह मागायचा. नंतर मागितलेला अपवाद म्हणजे वसुली, दिलेला पगार निधीला परत करणं.

आणि पावसाळा. रस्ते चिखलात जातात, कित्येक ठिकाणी विमानाशिवाय औषध पोचत नाही, त्यामुळे माल आधीच मागवून ठेवावा असं वाटणं साहजिक आहे. पण करारातल्या सुरुवातीच्या तारखेआधीचा खर्च संस्थेच्या खिशातून जातो. तेव्हा ऑर्डर सहीनंतरच द्या, कोटेशन मात्र आधी घेऊन ठेवा आणि विमानाने नेण्याचं भाडं अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून दाखवा.