अपरा-संप्रेरके आणि गर्भवाढ (प्रयोगशाळेतील प्राणी)

गाभण मादीच्या गर्भाशयातील अपरा, म्हणजे वार, ही गर्भकाळापुरती उगवणारी अंतःस्रावी ग्रंथीच असते. प्रयोगांत हे बहुधा पांढऱ्या रॅटवर, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरावर, अभ्यासतात. गर्भकाळ २१ ते २३ दिवस.

समागमानंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या रोज दोन लाटा येतात आणि अंडाशयातील पीतपिंड (अंडे सुटल्यावर तिथे बनणारी गाठ) प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक स्रवत राहतो. दहाव्या दिवसाच्या सुमारास लाटा ओसरतात; पुढे वारेच्या महापेशींतले (खूप मोठ्या पेशींतले) लॅक्टोजेन, म्हणजे प्रोलॅक्टिनसारखेच संप्रेरक, पीतपिंड सांभाळते. म्हणून बाराव्या दिवसानंतर पोष ग्रंथी काढली तरी गर्भ टिकतो, पण अंडाशय कधीही काढले तरी पडतो. रॅटची वार स्वतः पुरेसे प्रोजेस्टेरॉन बनवत नाही. स्त्रीची वार काही आठवड्यांत ते काम स्वतःच उचलते, त्यामुळे रॅटचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत.

वाढीची सूत्रे मुख्यतः आयजीएफ-२ या इन्सुलिनसारख्या वाढ-घटकाकडे. माऊसमध्ये (लहान उंदरात) याच्या जनुकाची बापाकडून आलेली प्रतच चालते. ती निकामी केली तर पिल्ले नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाची जन्मतात. जादा आयजीएफ-२ पेशीत ओढून मोडणाऱ्या ग्राहीच्या (पेशीवरील पकडणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाची प्रत मात्र आईकडची चालते. आईच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वारेतल्या विकरामुळे बरेचसे निष्क्रिय होते. डेक्सामेथासोन हे त्याच जातीचे कृत्रिम औषध त्या विकराला फारसे जुमानत नाही, म्हणून ते दिल्यास गर्भ खुरटतो.

सर्वाधिक घोळ दिवस मोजण्यात होतो. योनिस्रावाच्या स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या थरात) शुक्राणू दिसले तो दिवस कोणी ० धरतो, कोणी १. शेवटी गर्भ रोज ग्रॅमभर किंवा अधिक वाढतो, त्यामुळे ही चूक थेट ‘वाढ खुंटली’ अशी भासते. स्मिअर घेताना गर्भाशयमुखाला बोळा जोरात लागला तर खोटा गाभणपणा येतो आणि बारा-चौदा दिवस वाया जातात. वजन करताना वार टिपकागदावर टिपून घ्यावी. एकविसाव्या दिवशी गर्भ सुमारे ५ ग्रॅम, वार अर्धा ग्रॅम. एकाच मादीची दहा पिल्ले म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत; नमुना म्हणजे मादी.

कोल्हापुरात पावसाळ्यात प्राणिगृहाची आर्द्रता ७० टक्क्यांवर चढते, अंथरूण ओले राहते, अमोनिया साचतो. मक्याच्या कणसांचा भुसा इथे सहज मिळतो, पण त्यातील काही द्रव्ये मादीचे ऋतुचक्र बिघडवतात. लाकडाचा भुसा बरा. खाद्यात सोयापेंड असल्यास तिच्यातील वनस्पतिज इस्ट्रोजेनही हिशेबात धरावे लागते. सर्व गटांत एकाच खेपेची पेंड वापरावी. संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय मादी-नर एकत्र सोडू नयेत.