वेलीवरचा घड तोडला तर चोरी होत नाही?

तासगावच्या बाजूला द्राक्षाचा हंगाम आला की पारावर एक वकिली हमखास ऐकू येते : “वेलीवरचं तोडलं तर चोरी कसली? जमिनीला जोडलेल्या वस्तूची चोरीच होत नाही कायद्यात.” हे अर्धं खरं आहे, म्हणून तर इतकी वर्षं टिकलंय.

चोरी जंगम मालमत्तेचीच होते. जमीन आणि तिला जोडलेली झाडं-वेली जंगम नाहीत. पण कलमाखालचं स्पष्टीकरण पुढं कुणी वाचत नाही : वस्तू जमिनीपासून सुटली की त्याच क्षणी तिची चोरी होऊ शकते आणि तोडण्याची कृतीच हलवण्याची कृती ठरू शकते. देठाला कात्री लागली, घड हातात आला, झालं. क्रेट टेम्पोत चढायची वाट बघावी लागत नाही. कायद्यातलं पहिलंच उदाहरण दुसऱ्याच्या जमिनीवरचं झाड तोडणाऱ्याचं आहे. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम ३७८ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३.

हेतू मात्र अप्रामाणिक हवा. बांधावरचा आंबा आपलाच, असं प्रामाणिकपणे समजून उतरवला तर ती चोरी नव्हे; तो मोजणीचा आणि दिवाणी कोर्टाचा वाद. (आपल्याकडं असे बांध किती, विचारू नका.)

आणि “दोन घडांनी काय होतंय?” चोरीला किमान किंमत नाही. माल पाच हजारांच्या आतला, दोष पहिल्यांदाच सिद्ध झालेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. गुन्हा चोरीचाच राहतो.