मैदान, सतरंजी आणि रात्रीचे दहा : पुण्यातल्या थंडीच्या सुट्टीची पार्श्वभूमी

कडाक्याची थंडी पडली की सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग फोटो काढायला निघतो. पुणेकराला त्यात नवल वाटत नाही. पोराला घालायचा तसा देवालाही घालायचा. १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात ही मूर्ती बसवली तेव्हा सगळीकडून पाणी होतं, म्हणून नाव तळ्यातला गणपती. तळं गेलं, बाग झाली, नाव तेवढं ओलं राहिलं.

पुण्याची थंडी तशी मवाळ. १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, पण तो अपवाद. वेधशाळेचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे हलवलं, त्यावरून शिवाजीनगरच्या एका चौकाला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. सिमल्याशी आपला संबंध एवढाच. खरी गोष्ट थंडीची नाही, कोरड्या हवेची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस नाही, ऊनही सोसवतं, म्हणून या शहराला जे काही उघड्यावर करायचं असतं ते याच चार महिन्यांत होतं. घरच्या सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टी मैदानात का होत आल्या, याचं उत्तर इथे आहे.

मात्र ‘थंडीची सुट्टी’ नावाची एकच सुट्टी पुण्यात कधी नव्हती. मराठी शाळांची मोठी सुट्टी दिवाळीची, कॉन्व्हेंटची नाताळची. एकाच वाड्यातल्या दोन चुलत भावंडांना एकत्र मामाकडे पाठवायचं तर मे महिन्याचीच वाट बघावी लागे. सरकारी नियम असा की वर्षभरातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांपुढे जाऊ नयेत. दिवाळीचे चार दिवस कापून नाताळात द्यायची मुभा मात्र शाळांना असते. इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या तशी ही कापाकापीही वाढली, आणि सुट्टीचा काटा कार्तिकातून डिसेंबरअखेरीकडे सरकला.

दिवाळीच्या वाट्याला किल्ला राहिला. दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं पोतं, पोत्यावर चिखल, चिखलात मोहरी किंवा अळीव. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवळ येते. मावळे कुंभारवाड्यातून आणायचे. महाराज सिंहासनावर, आणि पायथ्याशी कुणाच्या तरी हट्टापायी प्लॅस्टिकचा डायनोसॉर. पार्किंगने अंगणं गिळली तेव्हापासून किल्ला सोसायटीच्या गेटजवळ आला. त्यात एक फायदा झाला : कधी नव्हे ते बाबा लोकही चिखलात हात घालू लागले.

नाताळ जुन्या शहरातल्या पेठांमध्ये उशिरा पोचला, पुण्यात मात्र तो जुनाच आहे. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ज्या जागेवर आहे ती जागा १७९२ मध्ये खुद्द पेशव्यांनी दिली, आपल्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांसाठी. म्हणजे नाताळ पुण्यात आला तो इंग्रजांच्या आधी, मराठ्यांच्या पगारपत्रकावरून. १८१७ ला खडकीची लढाई झाली, मग इंग्रजांचं लष्कर म्हणजे आजचा कॅम्प वसला आणि १८२५ मध्ये सेंट मेरीज चर्च उभं राहिलं. पेठेतली माणसं कॅम्पात जायची ती कामापुरती. एमजी रोडची रोषणाई बघायला पोरंबाळं घेऊन जाण्याची रीत बरीच अलीकडची. १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं सदाशिव पेठेतल्या डब्यांत शिरली, तिथूनच ही वाट रुळली असा माझा आपला अंदाज आहे. गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत डिसेंबरात कुलकुलं वळायला सगळे बसतात. पिठाची गोळी कंगव्यावर दाबत गुंडाळायची, शंख झाला पाहिजे. आपल्याकडे करंज्या भरायला बसतात तशीच ही बैठक, चुकलेले नग लहान मुलांनी मटकावण्यासकट.

मैदानाची सगळ्यात मोठी गोष्ट ‘सवाई’ची. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या पुण्यतिथीचा हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू केला. अनेक वर्षं तो रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा आणि रात्रभर चालायचा. आज हा जाणकारांचा महोत्सव वाटतो, पण भारतीय बैठकीत तेव्हा अख्खी घरं येत. सतरंजी, तिच्यावर जुनी चादर, थर्मास, शाली, धाकट्यासाठी छोटी उशी. मुलं दुसऱ्या गाण्यापर्यंत झोपायची. पहाटे जागं झालं की कुणाचा तरी तोडी नाहीतर ललत चाललेला असायचा आणि गालावर सतरंजीचे वळ उमटलेले. राग कळायचा नाही, पण पहाटेचं गाणं पहाटे ऐकायचं असतं एवढं मनात बसायचं.

ते रात्रभरचं गाणं गेलं ते २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं आणि ‘सवाई’च्या एका रात्रीला ती मिळतही असते. नियम वाईट नाही. मैदानाशेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा. पण त्यामुळे रात्रीचं गाणं दुपारी सुरू होऊ लागलं, दिवस वाढले, आणि नोकरी-शाळा सांभाळून सगळं घर एकदम जाईना. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला गेला. नावात भीमसेनजी त्याआधीच आले होते. माझ्या मते थंडीतल्या पुण्याची घडी बदलली ती मॉलने किंवा मोबाइलने बदलली त्याहून जास्त या दहाच्या काट्याने. बाकीच्या नव्या गोष्टी बघा, सगळ्या दिवसाच्या. १९८३ ला सुरू झालेली मॅरेथॉन सकाळची. डिसेंबरातली भीमथडी जत्रा शेतकी कॉलेजच्या मैदानावर, मटण-भाकरीच्या वासात, पण दहाच्या आत. फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुस्तक महोत्सव भरतो, तिथे मुलांसाठी वेगळा कोपरा असतो, तोही वेळेत आवरतो.

बागा आधीपासूनच दिवसाच्या. पेशवे पार्कातली फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी १९५६ पासून धावते आहे. शेजारचे वाघ-सिंह १९९९ मध्ये कात्रजला गेले, ती राहिली. एम्प्रेस गार्डन हे मूळचं ‘सोल्जर्स गार्डन’; व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाली तेव्हा नाव बदललं. जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शन भरतं आणि लहान मुलांची चित्रकला स्पर्धाही होते. झाडाखाली पॅड मांडीवर घेतलेली शेकडो मुलं, आणि दोरीपलीकडून ‘आकाशाला निळा दे, निळा!’ म्हणून ओरडणाऱ्या आया. स्पर्धा नेमकी कुणाची, असा प्रश्न पडतो.

हुरडा पुण्याचा नव्हेच, तो गावाकडचा. रब्बीची ज्वारी दुधातून चिकात आली की कणसं कापायची, आगटीत म्हणजे शेतातल्या खड्ड्यात गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजायची, आणि हात पोळत असताना तळव्यांवर चोळून दाणे पाडायचे. वर लसणाची चटणी, गूळ, दही. तो विकत नसे. शेतावर बोलावणं येई आणि हुरड्याला नाही म्हणणं म्हणजे भांडण. शहरातली माणसं गावाला परकी होत गेली तशी बोलावणी आटली. मग बारामतीजवळच्या पळशीत २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग उभा केला, त्यातून ‘हुरडा पार्टी’ बाजारात आली. आता सोलापूर आणि नगर रस्त्याला डिसेंबरअखेरीपासून फलक लागतात : नाश्ता, बैलगाडी, हुरडा, जेवण, माणशी अमुक रुपये. गुळभेंडी, सुरती अशा खास हुरड्याच्या जाती टप्प्याटप्प्याने पेरतात, म्हणजे कोवळं कणीस दीड-दोन महिने पुरतं. पैसे देऊन खाल्लेला हुरडा खोटा, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. शहरातल्या मुलाचा हात आगटीजवळ पोळतो तो खराच पोळतो.

राहिलं बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी, पाच वर्षांच्या आतलं मूल, काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे. ज्याच्यासाठी एवढा थाट ते बहुधा रडत असतं. मजा बाकीच्या पोरांची. पूर्वी हे घरच्या ओटीवर होई, आता सोसायटीच्या हॉलमध्ये सहा-सात मुलांचं एकत्र करतात आणि बोरांत चॉकलेटं मिसळतात. गेल्या वर्षी आमच्या इमारतीत झालं तेव्हा चॉकलेटं अर्ध्या मिनिटात संपली. बोरं मात्र सतरंजीवर तशीच पडून होती. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघे धरून खाली बसल्या आणि पदरात एकेक वेचू लागल्या. ते पाहून दोन पोरं त्यांच्याशी शर्यत लावायला आली.