ब्राउझरला दोष देण्याआधी तारीख बघा

घरचा जुना डेस्कटॉप सकाळी चालू करावा आणि एकही वेबसाइट उघडू नये. बँक नाही, जीमेल नाही, रेल्वेचं तिकीट नाही. प्रत्येक ठिकाणी कनेक्शन खाजगी नसल्याचा इशारा. त्याच वाय-फायवर मोबाईल मात्र सुरळीत चालतो. अशा वेळी आधी ब्राउझर काढून परत टाकला जातो, मग अँटिव्हायरसवर संशय जातो आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, ‘फॉरमॅट मारून टाका.’ त्याआधी स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे 1 जानेवारी 2015 अशी एखादी जुनीच तारीख दिसली, तर ब्राउझर निर्दोष आहे. तो त्याचं काम चोख करतोय.

सुरक्षित वेबसाइटशी बोलणं सुरू होताना ती साइट ब्राउझरला आपलं सर्टिफिकेट दाखवते. या नावाची साइट ती हीच, अशी ग्वाही एका मान्यताप्राप्त संस्थेने त्यावर सही करून दिलेली असते. औषधाच्या पाकिटासारख्या त्यावर दोन तारखा असतात: कधीपासून चालेल आणि कधीपर्यंत. ब्राउझर आजची तारीख या दोन्हींच्या मध्ये बसते का ते बघतो. पण आजची तारीख त्याला सांगणार कोण? कॉम्प्युटरचं घड्याळ. ते 2015 म्हणत असेल, तर गेल्या महिन्यात निघालेलं सर्टिफिकेट ब्राउझरच्या दृष्टीने अजून जन्मालाच आलेलं नाही. क्रोमच्या तांत्रिक संदेशात ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ हे शब्द दिसतात ते यामुळेच. कधी कधी तर तुमचं घड्याळ मागे आहे असं तो थेट सांगतो, पण घाबरलेल्या माणसाचं तिकडे लक्ष जात नाही.

घड्याळ मागे जातं कसं? कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक चपटा सेल असतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर 2032 असतो: 20 मिलिमीटर व्यासाचा, 3.2 मिलिमीटर जाडीचा, 3 व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळाचा क्वार्ट्झ स्फटिक याच सेलवर चालतो. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे 2 चा 15 वा घात. ती 15 वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद हाती येतो. मला ही रचना फार देखणी वाटते.

प्लगचं बटण चालू असेल, तर कॉम्प्युटर बंद असतानाही घड्याळाला विजेच्या लाइनवरून थोडा पुरवठा मिळत राहतो आणि सेलवर ताण येत नाही. आपल्याकडे मात्र रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, आणि ती चांगलीच आहे. त्यामुळे सगळा भार सेलवर येतो. काही वर्षांनी तो संपला की रोज सकाळी घड्याळ बोर्डवर नोंदलेल्या मूळ तारखेपासून सुरू होतं. तारीख दुरुस्त केली, दिवसभर सगळं छान चाललं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं होत असेल तर सेलच गेला आहे.

इंटरनेटवरून वेळ आपोआप का दुरुस्त होत नाही, हा प्रश्न रास्त आहे. विंडोज तसं करतं, पण घरगुती कॉम्प्युटरवर त्याची मूळ मर्यादा 54,000 सेकंद, म्हणजे 15 तास आहे. फरक त्याहून मोठा असेल तर ते स्वतःहून घड्याळाला हात लावत नाही.

पुढच्या काळात हा त्रास वाढेल असं मला वाटतं. सर्टिफिकेटची कमाल मुदत 2020 पासून 398 दिवस होती. ती टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आहे: मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 पासून 100 आणि 2029 पासून फक्त 47. सर्टिफिकेटची चावी, म्हणजे साइटकडची गुप्त डिजिटल किल्ली, चोरीला गेली तरी तिचा गैरवापर फार दिवस चालू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण मग घड्याळ नुसतं दोन महिने मागे राहिलं, तरी जवळपास प्रत्येक साइट अडेल.

तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर कारण वेगळं. एकच साइट अडत असेल तर बहुधा तिच्याच सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. जुन्या मॅकवर क्रोम अडतो पण फायरफॉक्स चालतो, असंही होतं. 30 सप्टेंबर 2021 ला एक जुनं मूळ सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या भरवशावर इतर सर्टिफिकेटं खरी मानली जातात ते, संपलं, तेव्हा एल कॅपिटन ही मॅकची जुनी प्रणाली वापरणाऱ्यांना हाच अनुभव आला. कारण फायरफॉक्स विश्वासू संस्थांची स्वतःची यादी बाळगतो, तर तेव्हाचा क्रोम मॅकच्या यादीवर अवलंबून होता.

काहीही कारण असो, ‘तरीही पुढे जा’वर टिचकी मारून बँकेचा पासवर्ड टाकू नका. चुकलेल्या घड्याळामुळे आलेला इशारा आणि खऱ्या फसवणुकीचा इशारा घाईत सारखेच दिसतात.

सेल बदलताना प्लग काढा, कडेची छोटी क्लिप नखाने मागे ढकला, सेल वर उडी मारतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, तारीख भरा आणि विंडोजमध्ये टाइम झोन अधिक 5:30 आहे ना ते तपासा. झोन चुकीचा असताना काटे हाताने जुळवले तर वेळ बरोबर दिसते, पण आतला हिशेब कित्येक तासांनी चुकलेला राहतो. त्या कॉम्प्युटरवर तयार होणारे, दर 30 सेकंदांनी बदलणारे लॉगिन कोड मग जुळत नाहीत. आणि वर्ष नीट वाचा. तास-मिनिटं बघून लोक समाधान मानतात, वर्षाकडे नजरच जात नाही.