अश्रूंची पारख : ख्रिस्ती परंपरेत रडणे आणि कळवळा यांचे नाते कसे घडले

‘येशू रडला.’ योहानच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायाचे पस्तिसावे वचन एवढेच आहे. प्रसंग जेरुसलेमजवळच्या बेथानी गावचा. येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले आहेत, त्याची बहीण मरीया आणि तिच्याबरोबर आलेले लोक आक्रोश करत आहेत, आणि ते पाहून येशू व्याकूळ होतो. लाजराला आपण उठवणार हे त्याने शिष्यांना आधीच सांगितलेले आहे. तरीही तो रडतो. हे अश्रू हतबलतेचे नाहीत. समोरच्यांच्या दुःखात तो स्वतः उतरला, म्हणून ते आले.

नव्या करारात येशूच्या अश्रूंचा उल्लेख आणखी दोनदा येतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जेरुसलेम दृष्टीस पडताच तो त्या शहरासाठी रडतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात त्याने ‘मोठा आक्रोश करीत व अश्रू गाळीत’ प्रार्थना केल्याचे म्हटले आहे. मित्रासाठी, शहरासाठी आणि प्रार्थनेत असे हे तीन प्रसंग. पुढच्या काळात रडण्याविषयी ख्रिस्ती लोकांनी जे काही लिहिले, ते फिरून फिरून या तिन्हींकडे येते. जैतून डोंगरावर लूकच्या प्रसंगाची आठवण म्हणून 1955 साली पूर्ण झालेले एक छोटे चर्च आहे. आन्तोनियो बार्लुत्सी या वास्तुरचनाकाराने त्याला अश्रूच्या थेंबाचा आकार दिला आणि छताच्या चारही कोपऱ्यांवर अश्रुपात्रे बसवली. वेदीमागची खिडकी नेहमीप्रमाणे पूर्वेला न ठेवता पश्चिमेला, शहराकडे ठेवली आहे.

पहिल्या काही शतकांत वाद मात्र वेगळाच होता : देव रडेल कसा? ग्रीक-रोमन विचारात, विशेषतः स्टोइक पंथात, भावनेने न हलणारा माणूसच शहाणा समजला जाई. येशूचे शरीर निव्वळ भास होता असे मानणारेही होते. त्यामुळे लाजराच्या कबरेवरचे अश्रू हा थेट पुरावा ठरला. पोप लिओ यांनी 449 साली लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात हाच प्रसंग घेतला. मेलेल्या मित्रासाठी कळवळून रडणे आणि त्याच मित्राला हाक देऊन उठवणे ही एकाच स्वभावाची (मानवी किंवा दैवी) कामे नव्हेत, असे त्यांनी म्हटले. येशू पूर्ण माणूस आणि पूर्ण देव आहे, या 451 च्या काल्सेदोन येथील धर्मपरिषदेच्या निर्णयाला या पत्राचा मोठा आधार मिळाला. संत ऑगस्टीन यांनी त्याआधीच स्टोइकांना उत्तर दिले होते : येशू रडला असेल, तर योग्य कारणासाठी आलेली भावना दोष ठरत नाही.

ऑगस्टीन यांचा स्वतःचा अनुभवही याच प्रश्नाशी झगडणारा आहे. 387 साली इटलीतील ओस्तिया येथे त्यांची आई मोनिका वारली. पुनरुत्थानावर विश्वास असताना रडणे योग्य नाही, असे वाटून त्यांनी डोळे कोरडे ठेवले. दुःख हलके होईल म्हणून स्नान केले, तरी फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी एकांतात ते थोडा वेळ रडले, आणि याला पाप म्हणणाऱ्याने आपल्याला हसू नये, आपल्यासाठी रडावे, असे त्यांनी लिहिले. त्याच सुमारास पूर्वेकडे संत योहान ख्रिसोस्तोम भाड्याने रडणाऱ्या बायका आणणाऱ्या घरांना चर्चबाहेर ठेवण्याची ताकीद देत होते. त्यांचा राग अश्रूंवर नव्हता, दिखाऊ आकांतावर होता. स्पेनमधल्या तोलेदोच्या 589 च्या परिषदेनेही ख्रिस्ती प्रेतयात्रेत शोकगीते व छाती बडवणे बंद करून फक्त स्तोत्रे गाण्याचा नियम केला.

रडण्याची खरी शाळा चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात भरली. तेथील संन्याशांनी अश्रूंना प्रार्थनेचा भाग मानले, आणि त्यांनीच त्यांतले धोकेही सर्वांत बारकाईने टिपले. अब्बा (म्हणजे पिता) आर्सेनियस हातकाम करताना मांडीवर कापड ठेवत, इतके त्यांचे डोळे वाहत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाई. एवाग्रियस (मृत्यू 399) यांनी प्रार्थनेवर 153 छोटी सूत्रे लिहिली. सुरुवातीलाच ते सांगतात, आधी अश्रूंचे दान मागा, म्हणजे मनातला रानटीपणा मऊ पडेल. लगेच पुढचा इशारा येतो : अश्रूंचे झरे वाहिले, तरी स्वतःला इतरांपेक्षा मोठे समजू नका. आणि नंतर सर्वांत कठोर निरीक्षण : पापांसाठी रडता रडता रडण्याचा हेतूच विसरल्यामुळे अनेकांचे डोके फिरले आणि ते वाट चुकले.

हा हेतू कोणता, हे नव्या करारातील पत्रलेखक प्रेषित पौलाच्या वचनावरून कळते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात त्याने दोन दुःखे सांगितली आहेत. देवाच्या इच्छेप्रमाणे झालेले दुःख पश्चात्ताप घडवते, जगाचे दुःख मरण आणते. वाळवंटातले गुरू दुसऱ्या प्रकाराला ‘खिन्नता’ म्हणत आणि घातक विचारांच्या यादीत घालत. त्यांची पारख सोपी होती. रडून उठल्यावर माणूस नम्र आणि इतरांशी मऊ झाला असेल, तर अश्रू खरे. तो चिडका, एकलकोंडा, निराश झाला असेल, तर तो फक्त स्वतःभोवती घुटमळत होता. योहान कासियन यांनी अश्रूंची कारणे वेगवेगळी मांडली : स्वतःच्या पापाची बोच, परमसुखाची ओढ, न्यायाची भीती आणि दुसऱ्याच्या पापासाठी वाटणारे दुःख. अश्रू येत नसतील तर ते पिळून काढू नका, असेही त्यांनी बजावले. कारण मग लक्ष प्रार्थनेवरून उडते आणि डोळ्यांवर जाते.

सिनाय येथील संत योहान क्लिमाकस यांनी अध्यात्माच्या तीस पायऱ्यांपैकी सातवी शोकाला दिली. पण कळवळ्याचा सर्वांत विस्तृत अर्थ निनवेचे इसहाक यांच्याकडे मिळतो. सातव्या शतकातले हे सिरियाक भाषेतले लेखक. दयाळू हृदय कशाला म्हणावे, तर जे माणसे, पक्षी, पशू, सैतानसुद्धा, अशा साऱ्या सृष्टीसाठी जळते, असे ते लिहितात. अशा माणसाला कोणत्याही जीवाचे दुःख पाहवत नाही. सत्याच्या शत्रूंसाठी आणि सरपटणाऱ्या जीवांसाठीही तो अश्रूंनी प्रार्थना करतो. स्वतःच्या पापापासून निघालेला शोक इथे सर्वांपर्यंत पोहोचलेला दिसतो, आणि माझ्या मते ख्रिस्ती परंपरेने रडण्याविषयी याहून खोल काही म्हटलेले नाही.

पश्चिमेत संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या नियमावलीत हा विषय व्यवहारात आणला. विसाव्या प्रकरणात ते म्हणतात, प्रार्थना ऐकली जाते ती शब्दांच्या संख्येमुळे नव्हे, हृदयाच्या शुद्धतेमुळे आणि पश्चात्तापाच्या अश्रूंमुळे. म्हणून ती थोडक्यात असावी. बावन्नाव्या प्रकरणात एकांतात प्रार्थना करणाऱ्याने मोठा आवाज न करता अश्रूंनी ती करावी, म्हणजे शेजाऱ्याला त्रास होणार नाही, असे सांगितले आहे. थोरले पोप ग्रेगरी यांनी भीतीचे आणि प्रेमाचे असे दोन अश्रू मानले. आधी पहिले येतात, भीती ओसरली की दुसरे. रोमन मिस्साग्रंथात, म्हणजे मिस्साच्या (प्रभुभोजनाच्या उपासनेच्या) प्रार्थनांच्या पुस्तकात, तर अश्रू मागण्याची स्वतंत्र प्रार्थना होती : तहानलेल्या लोकांसाठी खडकातून पाणी काढणाऱ्या देवा, आमच्या हृदयाच्या कठीणपणातून अश्रू काढ. 1570 च्या आवृत्तीतही ती होती.

मध्ययुगात भर क्रुसाजवळ उभ्या असलेल्या येशूच्या आईबरोबर, मरीयेबरोबर, रडण्यावर आला. तिच्या दुःखांचा सण आजही 15 सप्टेंबरला असतो. सिएनाच्या संत कॅथरीन यांनी चौदाव्या शतकात अश्रूंचे पाच प्रकार लिहिले. रडावेसे वाटूनही डोळे भरत नाहीत, अशांसाठी त्यांनी ‘अग्नीचे अश्रू’ सांगितले : ती तळमळच देवाला पोहोचते. कोरड्या डोळ्यांच्या भक्तांना हा मोठा दिलासा होता.

येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस यांनी या विषयाला सर्वांत शिस्तबद्ध वळण दिले. 2 फेब्रुवारी 1544 पासून एक वर्षाहून थोडा अधिक काळ त्यांनी रोज नोंद ठेवली. मिस्साच्या आधी, मिस्सात आणि नंतर अश्रू आले की नाही, हे ते पुढे पुढे फक्त अक्षरांच्या खुणांनी टिपत. डोळे जातील अशी भीतीही त्यांना होती. याच माणसाने 1553 साली अश्रू येत नाहीत म्हणून खंतावणाऱ्या एका सहकाऱ्याला कळवले की अश्रूंचे दान सर्वांना लागतेच असे नाही. शेजाऱ्याविषयीचा कळवळा इच्छेत असला आणि हातून त्याला मदत होत असली, की पुरे. काहींना हे दान देणे माझ्या हाती असते, तरी मी दिले नसते, असेही त्यांनी लिहिले. त्याने त्यांची प्रीती वाढत नाही, उलट डोके आणि शरीर बिघडून सेवा अडते. आव्हिलाच्या संत तेरेसा यांनीही 1577 साली भगिनींना हेच बजावले : खूप रडले म्हणजे सारे साधले असे नाही, काम आणि सद्गुण यांना हात घाला, अश्रू देव देईल तेव्हा येतील.

गोव्यात 1616 साली छापले गेलेले क्रिस्तपुराण ओव्यांमध्ये रचणारे थॉमस स्टीफन्स इग्नेशियस यांच्याच येशूसंघाचे. उपवासकाळात गोव्यातील चर्चमध्ये गायली जाणारी मोतेते (भक्तिगीते) आणि दुःखयात्रेच्या मिरवणुका यांतही क्रुसाजवळच्या शोकाचा धागा आहे. महाराष्ट्रात या परंपरेचे प्रॉटेस्टंट रूप 1905 च्या जूनमध्ये केडगावला दिसले. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली पापे कबूल करत मोठ्याने रडू लागल्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. त्यांतल्या अनेक दुष्काळातून वाचवून आणलेल्या. वाळवंटातल्या गुरूंची पारख इथे लावली तर सदनाचे कामच बोलते. रडून उठलेल्या मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला गेल्या. शाळा, शेती, छापखाना, अंध आणि विधवा स्त्रियांची काळजी यांत खंड पडला नाही.

पोप फ्रान्सिस 8 जुलै 2013 रोजी लाम्पेदुसा बेटावर गेले, तेव्हा आफ्रिकेतून युरोपकडे येणारे अनेक निर्वासित समुद्रात बुडाले होते. त्यांनी प्रायश्चित्ताची मिस्सा अर्पण केली. चषकाला निर्वासितांच्या मोडक्या होड्यांचे लाकूड वापरले होते. या माणसांसाठी कोण रडले, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि रडण्याची कृपा मागितली, ती आपल्या बेफिकिरीवर रडता यावे म्हणून.