पर्फेक्ट ब्लू : प्रेक्षकप्रतिसाद

पर्फेक्ट ब्लू हा सातोशी कोन (१९६३–२०१०) यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. मॅडहाउस या स्टुडिओने बनवलेला सुमारे ८० मिनिटांचा हा जपानी ॲनिमेशनपट ऑगस्ट १९९७ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील फँटेशिया महोत्सवात प्रथम दाखवला गेला. जपानच्या चित्रपटगृहांत तो २८ फेब्रुवारी १९९८ रोजी लागला. मानसशास्त्रीय थरारपट म्हणून तो जितका नावाजला गेला, तितकाच त्याच्यावर वादही झाला. प्रस्तुत नोंद चित्रपटापेक्षा त्याच्या प्रेक्षकांविषयी अधिक आहे. चित्रपटाचा विषयच ‘पाहणारे’ हा असल्यामुळे ही दोन प्रकरणे वेगळी ठेवणे तसेही अवघड जाते.

कथा थोडक्यात अशी : मिमा किरिगोए ही ‘चॅम’ नावाच्या तीन मुलींच्या गायनगटातली आयडॉल, म्हणजे चाहत्यांच्या लाडावर वाढवलेली तरुण गायिका-तारका. तिचे काम पाहणाऱ्या संस्थेच्या आग्रहावरून ती गाणे सोडून अभिनयाकडे वळते आणि ‘डबल बाइंड’ नावाच्या गुन्हेगारी मालिकेत छोटी भूमिका स्वीकारते. पुढे त्याच मालिकेत तिच्यावर सामूहिक बलात्काराचे दृश्य चित्रित होते, मग नग्न छायाचित्रे काढली जातात. दरम्यान इंटरनेटवर ‘मिमाची खोली’ नावाचे एक पान तिला सापडते. त्यावर तिच्याच नावाने रोजनिशी लिहिली जात असते आणि ती भयंकर अचूक असते. बाजारातून काय आणले, गाडीतून उतरताना कोणता पाय आधी टाकला, इथपर्यंत. एक चाहता तिच्या मागावर असतो, तिला ‘बिघडवणारी’ माणसे एकेक करून मारली जातात, आणि आयडॉलच्या झालरीच्या पोशाखातली दुसरी मिमा आरशांतून, काचांतून तिला हसू लागते. खुनांमागे तिची व्यवस्थापक रुमी, स्वतः एके काळची आयडॉल, असल्याचे अखेरीस उघड होते. हे सांगितल्याने रसभंग होतो असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की हे ठाऊक असूनही लोक हा चित्रपट तिसऱ्यांदा पाहतात आणि बाहेर येऊन पुन्हा भांडतात.

‘हे चित्रांत कशाला?’

सुरुवातीच्या प्रतिसादात एक प्रश्न हटकून येई : ही गोष्ट जिवंत नटांना घेऊन का केली नाही? ॲनिमेशन म्हणजे मुलांचे करमणुकीचे साधन, किंवा फार तर यंत्रमानव आणि भविष्यातली शहरे, अशी समजूत पाश्चात्त्य समीक्षकांत होती. १९९९ मध्ये अमेरिकेत चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा काहींनी रचनेचे कौतुक करून वर ताण पुरेसा चढत नाही, पटकथा कच्ची आहे असा शेरा मारला. काहींनी थरारपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांची आठवण काढली. अमेरिकी निर्माते रॉजर कॉर्मन यांनी हिचकॉक आणि डिस्ने एकत्र आले असते तर असे काही घडले असते अशा अर्थाची तारीफ केली आणि ती जाहिरातींवर वर्षानुवर्षे मिरवली गेली. तारीफ मोठी असली तरी तिच्यातला डिस्ने हा त्याच समजुतीचा अवशेष आहे.

मराठी घरांत ही समजूत परकी नाही. २००५ नंतर हिंदी आवाजातले डोरेमॉन आणि शिनचॅन घराघरांत पोचले आणि जपानी ॲनिमेशन म्हणजे शाळेतून आल्यावर जेवताना लावायचे ‘कार्टून’ असे समीकरण पक्के झाले. अशा प्रेक्षकाला पर्फेक्ट ब्लूचा धक्का दुहेरी बसतो. हिंसेचा धक्का नंतर. आधी, रेषांनी काढलेली माणसे इतकी साधी, थकलेली आणि खरी दिसतात याचाच.

प्रश्नाचे उत्तर मात्र चित्रपटातच आहे. मिमा जागी आहे की स्वप्नात, तिच्या खोलीत आहे की मालिकेच्या सेटवर, हे कळू न देण्यावर सगळा डोलारा उभा आहे. प्रत्यक्ष चित्रीकरणात भास दाखवायचा तर प्रकाश, पोत, नटाचा चेहरा कुठे तरी चुगली करतात. इथे खरी खोली आणि भासातली खोली एकाच हाताने, त्याच रंगांत काढलेली असते. काल्पनिक दृश्यावर ‘हे काल्पनिक’ अशी खूण उमटतच नाही. २००२ मध्ये मूळ कादंबरीकाराच्याच लेखनावर तोशिकी सातो यांनी प्रत्यक्ष नटांना घेऊन चित्रपट केला; त्याची चर्चा आज क्वचितच कोणी करतो.

मूळ कादंबरी योशिकाझु ताकेउची यांची, १९९१ ची. प्रकल्प व्हिडिओ बाजारासाठी योजलेला होता आणि खर्चाची तरतूद बेताचीच. आयडॉल, भय आणि माथेफिरू चाहता या तीन गोष्टी राखून बाकी हवे ते बदलण्याची मुभा कोन यांना होती. त्यांनी आणि पटकथाकार सादायुकी मुराई यांनी ती मनसोक्त वापरली. ‘खेळातला खेळ’, म्हणजे चित्रपटातली मालिका, ही जी गोष्ट प्रेक्षकांना सर्वांत जास्त छळते, ती या दोघांचीच भर.

चकवा

पहिल्यांदा पाहणाऱ्यांची प्रतिक्रिया बहुधा दोन टप्प्यांत होते. पहिला पाऊण तास माणूस मिमाविषयी हळहळतो. त्यानंतर त्याला स्वतःच्या आकलनाविषयी शंका येऊ लागते. मिमा दचकून पलंगावर उठते. प्रेक्षक म्हणतो, हुश्श, स्वप्न होते. ती पुन्हा तशीच उठते. मग पुन्हा. संवाद चालू असतो, आपण तो खरा मानतो, तेवढ्यात ‘कट’ असा आवाज येतो आणि तो मालिकेतला प्रसंग निघतो. त्या मालिकेतील मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाचे जे निदान सांगते, ते थेट मिमालाच लागू पडते, आणि आतापर्यंतचा सगळा चित्रपटच कोणाचा तरी भ्रम होता की काय या शंकेने पोटात खड्डा पडतो. मराठीत याला चांगला शब्द आहे : चकवा. रात्री रानात वाट चुकलेला माणूस चालचालून पहाटे त्याच झाडाखाली येतो, तसे इथे मिमाच्या खोलीत परत येणे होते.

सुटका करून घेण्यासाठी प्रेक्षक पुरावे गोळा करू लागतात. खोलीतली माशांची टाकी हा त्यांचा लाडका पुरावा. बलात्काराच्या दृश्याच्या चित्रणानंतर मिमा घरी येते तेव्हा मासे मेलेले दिसतात आणि तिचा बांध फुटतो. शेवटाकडे त्याच खोलीत मासे सुखरूप पोहत असतात, उतरवलेले ‘चॅम’चे भित्तिपत्रकही जागेवर असते, आणि म्हणूनच ही आपली खोली नव्हे, रुमीने हुबेहूब सजवलेली दुसरी आहे, हे तिच्या ध्यानात येते. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला आधीच्या प्रत्येक खोलीविषयी संशय येतो. छायाचित्रकाराचा खून नेमका कोणी केला यावरही एकमत नाही. मिमा स्वतः तो करताना दिसते, तिच्या कपाटात रक्ताळलेले कपडे सापडतात, आणि कथा संपल्यावरही तिथे थोडी फट उरते.

कोडे सोडवण्याचा हा उत्साह समजण्यासारखा आहे, पण तो काही अंशी पळवाट आहे असे वाटते. ‘कोणते दृश्य खरे?’ या प्रश्नात गुंतले की ‘मी हे का पाहत होतो?’ हा प्रश्न टळतो.

बलात्काराचे दृश्य

प्रतिसाद सर्वाधिक दुभंगतो तो इथे. चित्रपटाच्या कथेत हा अभिनय आहे. दोन टेकच्या मध्ये दिवे तसेच ठेवून सगळे थांबतात, अंगावरचा नट पुटपुटत मिमाची माफी मागतो, ती मान हलवते, आणि पुन्हा सुरू. नियंत्रण कक्षात बसलेली रुमी रडत बाहेर निघून जाते. म्हणजे ‘खरे’ काहीच घडलेले नाही. तरी अनेक प्रेक्षकांना पुढे पाहवत नाही. काहींच्या मते हे दृश्य गरजेपेक्षा लांबले आहे आणि ज्या नजरेवर टीका करायची तिलाच ते खाद्य पुरवते. उलट बाजू अशी की ते आटोपशीर असते तर मिमाने काय किंमत मोजली हे कळलेच नसते. माफी मागणारा तो नट या वादाच्या मध्यभागी आहे. सभ्यपणे, परवानगी घेऊन, करारानुसार केलेली गोष्टही माणसाला मोडू शकते हे त्या एका पुटपुटण्यात आहे, आणि त्यामुळे दृश्य हलके न होता जड होते.

अभ्यासकांनी ‘नजर’ हाच धागा धरला. अमेरिकी अभ्यासक सुझन नेपियर यांच्या २००६ च्या लेखाच्या शीर्षकात मिमाचाच ‘माफ करा, आपण कोण?’ हा संवाद आहे. मालिकेतले तिचे हे पहिलेवहिले वाक्य. पाठ करताना ती ते इतक्यांदा घोकते की अर्थ उलटा तिच्याच अंगावर येतो.

पाळत ठेवणाऱ्या चाहत्याचे टोपणनाव ‘मी-मेनिया’. मिमाचे वेड हा त्याचा उघड अर्थ. मराठी कानाला त्यात आधी ‘मी’ ऐकू येतो. इंग्रजीतल्या ‘मी’मुळे हा श्लेष इतरांनाही लागतो, पण मराठीत तो विनासायास हाती येतो.

काळाबरोबर बदललेले वाचन

१९९७ चा प्रेक्षक आणि आजचा प्रेक्षक वेगवेगळ्या ठिकाणी हसतात. रुमी मिमाला ब्राउझर म्हणजे काय, तो कसा वापरायचा हे समजावते, तो प्रसंग तेव्हा नवलाईचा होता. आज पुनःप्रदर्शनात तिथे खसखस पिकते, आणि दोन मिनिटांत विरते, कारण पुढे जे येते ते रोजचे झाले आहे : आपल्या नावाने दुसऱ्याने चालवलेले खाते, आपल्यापेक्षा आपली प्रतिमा अधिक खरी मानणारे अनोळखी लोक. म्हणून चित्रपटाने समाजमाध्यमांचे युग आधीच ओळखले होते असे हमखास म्हटले जाते. या कौतुकात तथ्य आहे, पण ते जरा सैल हाताने वाटले जाते. कोन भविष्य सांगायला बसले नव्हते. त्यांच्यासमोर नव्वदच्या दशकातले जपान होते. आयडॉलांच्या धंद्याला तेव्हा उतरती कळा लागलेली होती आणि मिमासारख्या दुय्यम गायिकांना अभिनय, छायाचित्रे अशा वाटा शोधाव्या लागत. १९८८–८९ मधील बालिकाहत्यांच्या प्रकरणानंतर ‘ओताकू’ (ॲनिमेशन, कॉमिक्स यांचे वेडे चाहते) या शब्दालाच काळिमा लागला होता. पाळत ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा मानणारा कायदा जपानमध्ये २००० साली आला, म्हणजे चित्रपटानंतर दोन वर्षांनी, आणि तोही एका तरुणीच्या खुनानंतर. मी-मेनिया पोलिसांच्या हिशेबी तेव्हा फार तर उपद्रवी चाहता ठरला असता.

पुढच्या घटनांनी चित्रपटाला नवे संदर्भ दिले. मे २०१४ मध्ये इवाते प्रांतात हस्तांदोलनाच्या कार्यक्रमात एका आयडॉल गटाच्या मुलींवर करवतीने हल्ला झाला. मे २०१६ मध्ये तोक्योत एका तरुण गायिकेला चाहत्याने भोसकले. अशा बातम्यांनंतर हा चित्रपट पाहणाऱ्याला मी-मेनियाचा विद्रूप चेहरा अतिशयोक्त वाटत नाही. मात्र तो चेहराच चित्रपटाचा एक दोषही आहे, असा आक्षेप घेतला जातो : विकृत मनाला विकृत चेहरा देणे ही सोपी सोय झाली, प्रत्यक्षात असा माणूस रांगेत शेजारी उभा असतो आणि ओळखूही येत नाही. आक्षेप रास्त आहे. पण खरी सूत्रधार प्रेमळ, गुबगुबीत, मायेने डबा विचारणाऱ्या मावशीसारखी रुमी आहे हे पाहता, तो चेहरा म्हणजे प्रेक्षकाला लावलेले आमिषही असू शकते.

हॉलिवूडचा वाद

अमेरिकी दिग्दर्शक डॅरेन ॲरोनॉफ्स्की यांच्या २००० सालच्या ‘रिक्वियम फॉर अ ड्रीम’मध्ये नायिका पाण्याखाली तोंड घालून किंचाळते, तो प्रसंग मिमाच्या स्नानगृहातील दृश्याशी चौकटीस चौकट जुळतो. २००१ मध्ये दोघे दिग्दर्शक भेटले. या दृश्याखातर ॲरोनॉफ्स्की यांनी पर्फेक्ट ब्लूचे हक्कच विकत घेतले होते, ही गोष्ट चाहत्यांत सर्रास सांगितली जाते. कोन यांनी त्या भेटीविषयी जे लिहिले त्याच्याशी ती जुळत नाही. २०१० मध्ये ॲरोनॉफ्स्की यांचाच ‘ब्लॅक स्वान’ आला तेव्हा वाद पेटला. साम्य आहे, पण प्रेरणा तिथून नाही, अशी ॲरोनॉफ्स्की यांची भूमिका होती. कोन २४ ऑगस्ट २०१० रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले होते. त्यामुळे चाहत्यांचा सूर दिग्दर्शकाच्या वतीने फिर्याद मांडणाऱ्यांचा झाला, आणि शेजारी शेजारी चौकटी ठेवून तुलना करण्याचा छंद जडला. याचा एक फायदा असा की कोन यांच्या संकलनाकडे, एका दृश्यातल्या हालचालीवरून भलत्याच दृश्यात उडी मारण्याच्या त्यांच्या पद्धतीकडे, सामान्य प्रेक्षकही बारकाईने पाहू लागला. त्याआधी २००१ मध्ये पॉप गायिका मॅडोनाने आपल्या जागतिक दौऱ्यात या चित्रपटातील तुकडे पडद्यावर वापरले होते. त्यावर मात्र कोणी फारसे भांडले नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेत आणि २०२३ मध्ये जपानमध्ये चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला.

शेवटचा आरसा

अखेरच्या प्रसंगात मिमा, आता प्रतिष्ठित अभिनेत्री, इस्पितळात रुमीला पाहून बाहेर येते. ही खरीच मिमा का, अशी परिचारिकांची कुजबुज तिच्या कानावर पडते. गाडीत बसून ती काळा चष्मा काढते, आरशात पाहून हसते आणि आपण खऱ्या असल्याचे सांगते. निम्मे प्रेक्षक हा सुखान्त मानतात. उरलेल्यांची हरकत आरशाला आहे. पाठलागाच्या प्रसंगात दुसरी मिमा तरंगत उड्या मारत येते, पण दुकानांच्या काचांत धापा टाकणारी रुमी दिसते. तिथे काच खरे बोलते. इस्पितळात रुमीच्या प्रतिबिंबात आयडॉल मिमा दिसते. तिथे काच भ्रम दाखवते. मग गाडीतल्या आरशावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर?

या वादात चित्रपटाची सुरुवात बहुतेकांच्या लक्षातून निसटते. पडदा उघडतो तेव्हा मिमा नसतेच. एका छोट्या रंगमंचावर रंगीत पोशाखातले वीर राक्षसाशी लुटुपुटीची लढाई करत असतात, आणि ती संपल्यावर प्रेक्षकांतून कुरकुर ऐकू येते, टीव्हीवर असते तसे काही हे नाही. मग कॅमेरे सरसावून बसलेल्या चाहत्यांच्या गप्पा, कोण गट सोडणार, कोणाचे काय चालले आहे. मिमा त्यानंतर येते. गर्दीच्या कडेला उभा असलेला मी-मेनिया हात पुढे करतो आणि त्याच्या जागेवरून ती त्याच्या तळहातावर नाचताना दिसते. त्या क्षणी कॅमेरा त्याच्याच डोळ्यांच्या जागी असतो.